परतंत्र, पण खरे: लिनक्स होस्टवरील व्हर्च्युअल मशीनचा तात्त्विक विचार

लिनक्स चालणाऱ्या एका सर्व्हरच्या पोटात अनेक संगणक नांदू शकतात. ज्या सर्व्हरवर ते चालतात तो होस्ट. त्यावर चालणारे प्रत्येक व्हर्च्युअल मशीन म्हणजे रोजच्या बोलण्यातली व्हीएम. व्हीएमला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असते. निदान तिच्यात बसवलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या हिशेबी ते असते. होस्टवरून पाहिले तर यांपैकी काहीच दिसत नाही. तेथे एक प्रोसेस असते, तिचे काही थ्रेड असतात आणि डिस्कच्या जागी एक मोठी फाइल असते. एकाच वस्तूची ही दोन वर्णने आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बिनचूक आहेत.

यातून उभे राहणारे प्रश्न दर्शनशास्त्राला जुनेच आहेत. जे दुसऱ्याच्या आधाराने आहे ते खरे मानायचे की नाही? आधारित वस्तूला आपला आधार कळू शकतो का? आधार बदलला तरी वस्तू तीच राहते का? आणि आधाराचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याची जबाबदारी किती? एरवी हे प्रश्न जगत् आणि ब्रह्म, जीव आणि ईश्वर यांच्या संदर्भात विचारले जातात, आणि त्यांतली एक बाजू माणसाच्या निरीक्षणापलीकडची असते. होस्ट आणि व्हीएम या जोडीत मात्र दोन्ही बाजू तपासता येतात. जुन्या युक्तिवादांतला कोणता कुठवर टिकतो, हे येथे बारकाईने पाहता येते.

रचना

ही कल्पना लिनक्सपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये 1960च्या दशकात सीपी-40 ही प्रणाली तयार झाली. तिच्या पाठोपाठ सीपी-67 आणि 1972 मध्ये जाहीर झालेली व्हीएम/370 आली. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा प्रणालीने पाळायच्या तीन अटी मांडल्या. पहिली अट समतुल्यतेची: प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर जसा वागेल तसाच व्हीएममध्ये वागला पाहिजे, वेळेतला आणि उपलब्ध साधनांतला फरक तेवढा क्षम्य. दुसरी ताब्याची: मेमरी, उपकरणे यांसारखी साधने कोणाला किती द्यायची हे नियंत्रण करणारा थरच ठरवील. तिसरी कार्यक्षमतेची: बहुतेक सूचना मधल्या थराच्या हस्तक्षेपाविना थेट प्रोसेसरवरच चालल्या पाहिजेत.

एक्स86 जातीचे प्रोसेसर या अटींत सरळ बसत नव्हते. त्यांच्यातील काही संवेदनशील सूचना विशेषाधिकाराशिवाय दिल्या तरी अडत नसत. गुपचूप वेगळाच परिणाम करून पुढे जात. नियंत्रण करणाऱ्या थराला त्याचा पत्ताच लागत नसे. व्हीएमवेअरने 1999 मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून घेण्याचा मार्ग काढला. 2003 मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून आलेल्या झेनने आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमलाच थोडे बदलून आपल्याशी सहकार्य करायला लावले. इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच सोय केल्यावर या वळशांची गरज कमी झाली. त्या सोयीवर उभे राहिलेले केव्हीएम हे अवी किविटी यांनी क्युमरानेट या कंपनीत सुरू केलेले काम फेब्रुवारी 2007 मधील 2.6.20 या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचा भाग आहे.

केव्हीएमची घडण साधी आहे. प्रत्येक व्हीएम ही होस्टवर क्यूईएमयू या उपकरणांचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमची एक प्रोसेस असते आणि व्हीएमचा प्रत्येक प्रोसेसर हा त्या प्रोसेसचा एक थ्रेड. व्हीएमच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. नियंत्रणाला हात घालणारी सूचना आली की प्रोसेसर व्हीएममधून बाहेर पडून केव्हीएमकडे येतो, केव्हीएम ती बाब मिटवतो आणि व्हीएम पुढे चालू होते. डिस्क किंवा नेटवर्क कार्डासारख्या उपकरणाचा प्रश्न असेल तर काम सहसा क्यूईएमयूकडे जाते. व्हीएम ज्याला आपली भौतिक मेमरी समजते ती होस्टच्या दृष्टीने एका प्रोसेसच्या पत्त्यांची जागा असते. हा सगळा कारभार होस्ट सांभाळणारा अ‍ॅडमिन लिबव्हर्टसारख्या साधनांतून पाहतो: व्हीएम सुरू करणे, थांबवणे, हलवणे, तिची वाढ किंवा कपात करणे.

खोटेपणाची कसोटी

व्हीएम खोटी आहे असे म्हणायचे तर खोटेपणाची कसोटी आधी ठरवावी लागते. अद्वैत वेदान्ताने ती काटेकोरपणे दिली आहे. धर्मराज अध्वरींद्र यांच्या 17व्या शतकातील ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात सत्तेचे तीन स्तर सांगितले आहेत: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. दोरीवर भासलेला साप तिसऱ्या स्तरावरचा, कारण दोरीचे ज्ञान होताच त्याचा बाध होतो. बाध आणि नाश यांत येथे महत्त्वाचा फरक आहे. नाश झालेली वस्तू काही काळ होती आणि मग संपली. बाध झालेली वस्तू मुळात कधी तेथे नव्हतीच, असे नंतरच्या ज्ञानाने कळते.

ही कसोटी व्हीएमला लावून पाहता येते. अ‍ॅडमिनने होस्टवर प्रोसेसची यादी काढली आणि व्हीएम म्हणजे एक प्रोसेस आहे हे पाहिले, तरी व्हीएम नाहीशी होत नाही. तिच्यातला डेटाबेस प्रश्नांची उत्तरे देतच राहतो. प्रोसेस मारून टाकली तर व्हीएम संपते, पण तो नाश होतो, बाध होत नाही. ती कालपर्यंत चालत होती हे विधान आजही खरेच राहते. अधिष्ठानाचे, म्हणजे आधाराचे, ज्ञान झाल्यावरही जी टिकते ती व्हीएम दोरीवरच्या सापाच्या वर्गात बसत नाही.

यावर अद्वैतीच एक आक्षेप घेऊ शकेल. काही भ्रम ज्ञान झाल्यावरही दिसत राहतात. लाल फुलाजवळ ठेवलेला स्फटिक मुळात रंगहीन आहे हे कळूनही तो तांबडाच दिसतो, कारण फूल ही उपाधी अजून तेथेच असते. व्हीएम हाही असाच सोपाधिक भ्रम असेल, तर ज्ञानानंतर तिचे टिकून राहणे काहीच सिद्ध करत नाही. या आक्षेपाला उत्तर देताना बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती यांची अर्थक्रियेची कसोटी उपयोगी पडते: जे आपले नेमून दिलेले कार्य घडवू शकते ते सत्. दिसणे पुरेसे नाही, कार्य घडले पाहिजे. स्फटिकाचा तांबडेपणा स्फटिकाचे म्हणून काही कार्य करत नाही. जे करतो ते फूल करते. व्हीएम मात्र संगणकाचे काम संगणक म्हणून करते. तिच्यावर पगाराचा हिशेब होतो, तिच्यातून पत्रे जातात, तिच्यावरची चूक खऱ्या माणसाचे खरे पैसे बुडवते. पोपेक आणि गोल्डबर्ग यांची समतुल्यतेची अट एका अर्थाने अर्थक्रियेचीच अट आहे.

येथे एक चूक सहज होते. होस्ट पारमार्थिक आणि व्हीएम व्यावहारिक, अशी जुळणी करण्याचा मोह होतो. अद्वैताच्या मते ही जुळणी साफ चुकीची ठरेल. त्याच्या दृष्टीने होस्ट आणि व्हीएम दोन्ही व्यावहारिकच आहेत; ब्रह्मज्ञानापूर्वी दोघांपैकी कोणाचाही बाध होत नाही. होस्टकडे बारकाईने पाहिले तरी हेच दिसते. होस्टवरील प्रत्येक प्रोसेसला मिळणारे मेमरीचे पत्तेही कर्नलने नेमून दिलेले असतात, प्रत्यक्ष चिपवरचे नसतात. सॉलिड स्टेट डिस्क ज्या क्रमाने आपले ब्लॉक दाखवते त्या क्रमाने ते आत लिहिलेले नसतात. डिस्कमधला कंट्रोलर तो क्रम रचून दाखवतो. होस्टच्या कर्नलच्या नकळत फर्मवेअर मधूनच प्रोसेसरचा ताबा घेऊ शकते. ज्याला येथे भौतिक म्हटले जाते ते वरच्या थराच्या तुलनेत भौतिक आहे. शिवाय एका व्हीएमच्या आत केव्हीएम चालवून तिलाच दुसऱ्या व्हीएमचा होस्ट बनवता येते. होस्ट असणे हा वस्तूचा स्वभाव नसून तो एक संबंध आहे.

आश्रय आणि सत्ता

आश्रित असणे आणि असत्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मध्वाचार्यांनी 13व्या शतकात स्पष्टपणे मांडले. ‘तत्त्वसंख्यान’ या छोट्या ग्रंथात त्यांनी तत्त्वांची पहिली विभागणी स्वतंत्र आणि परतंत्र अशी केली. स्वतंत्र एकटा विष्णू. बाकी सगळे परतंत्र. परंतु परतंत्र म्हणजे मिथ्या असे त्यांनी म्हटले नाही. जगाचे अस्तित्व, त्याची प्रवृत्ती आणि त्याचे ज्ञान ईश्वरावर अवलंबून आहे, तरीही जग सत्य आहे. व्हीएमचे वर्णन करायला ही विभागणी अगदी चपखल बसते. होस्ट बंद झाला की व्हीएम बंद होते, होस्टने वेळ दिला तर ती चालते. तिचे परतंत्र असणे उघड आहे, आणि तिचे कार्यही तितकेच उघड आहे.

नागार्जुनांचा निष्कर्ष वेगळा निघेल. जे जे प्रतीत्यसमुत्पन्न, म्हणजे दुसऱ्याच्या आधारे उद्भवलेले, त्याला स्वतःचा स्वभाव नाही. ते शून्य आहे. शून्य याचा अर्थ नसलेले असा नव्हे, निःस्वभाव असा आहे. व्हीएमपुरते पाहिले तर मध्व आणि नागार्जुन दोघेही तिला आश्रित मानतील आणि दोघेही तिच्या कार्याला नाकारणार नाहीत. मतभेद तळाशी आहे: सगळ्या आश्रितांखाली एखादे स्वतंत्र तत्त्व असलेच पाहिजे की नाही. हा वाद होस्टच्या रचनेवरून सुटत नाही, कारण तेथील सर्वांत खालचा थरही वीज, धातू आणि भौतिकशास्त्राचे नियम यांवर अवलंबून आहे.

ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’ने या चर्चेत आणखी एक बाजू मांडली आहे. त्यातील सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. जगाच्या दिसण्याला कारण म्हणून अज्ञान नावाची वेगळी वस्तू मानण्याची गरजच नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. विश्व हे सत्यावरचे झाकण नसून त्याच एका वस्तूचे प्रकटणे आहे, या अर्थाने अभ्यासकांनी या विचाराला चिद्विलासवाद म्हटले. पोपेक आणि गोल्डबर्ग यांची तिसरी अट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. केव्हीएमवर चालणारी व्हीएम प्रोसेसरला झाकत नाही. तिच्या बहुतेक सूचना त्याच प्रोसेसरवर, त्याच वेगाने चालतात. व्हीएमचे चालणे म्हणजे प्रोसेसरचेच एका मर्यादेत चालणे. पूर्ण अनुकरणावर चालणाऱ्या यंत्रात प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने भाषांतरित करावी लागते, तेथे हे विधान लागू पडत नाही. आधार आणि आश्रित यांच्यातील जवळीक सर्वत्र सारखी नसते, आणि तिच्या प्रमाणात आश्रिताच्या सत्तेचे वर्णनही बदलते.

आतून काय कळते

व्हीएमला जाणीव नसते. तरी तिच्या आत चालणारा प्रोग्रॅम आपण होस्टवर आश्रित आहोत हे ठरवू शकतो का, हा प्रश्न अर्थपूर्ण आहे. भारतीय प्रमाणशास्त्राच्या भाषेत विचारायचे तर कोणत्या प्रमाणाने ते ठरेल?

प्रत्यक्षाने नाही. समतुल्यतेची अट पूर्ण झाली असेल तर आतून केलेल्या एकेका निरीक्षणात खऱ्या यंत्रापेक्षा वेगळे काही आढळायला नको. व्यवहारात बहुतेक लिनक्स व्हीएमना आपण व्हीएम आहोत हे सहज कळते, पण ते होस्टने सांगितल्यामुळे. प्रोसेसरची माहिती विचारणाऱ्या सीपीयूआयडी या सूचनेच्या उत्तरात एक बिट हायपरव्हायजर, म्हणजे नियंत्रण करणारा थर, असल्याची खूण म्हणून राखलेला आहे, आणि केव्हीएम पुढच्या एका उत्तरात आपली नाममुद्राही देतो. व्हीएमच्या वाट्याचा किती वेळ दुसऱ्यांनी घेतला हे दाखवणारा स्टील टाइमचा आकडाही होस्टनेच पुरवलेला असतो. हे सगळे शब्दप्रमाण आहे, आणि शब्दप्रमाणाची किंमत सांगणाऱ्याच्या आप्तत्वावर, म्हणजे विश्वासार्हतेवर ठरते.

आप्त खोटे बोलला तर काय होते, याचे प्रात्यक्षिक 2006 मध्ये योआना रुटकोव्स्का यांनी ब्लू पिल या प्रयोगाने दिले. चालू असलेली विंडोज व्हिस्टा ही ऑपरेटिंग सिस्टीम बंद न करता तिच्याखाली एक पातळ हायपरव्हायजर सरकवण्यात आला. क्षणापूर्वी जी यंत्राची मालकीण होती ती आश्रित झाली, आणि तिला तसे सांगणारे कोणी नव्हते.

राहिले अनुमान. नियंत्रणाकडे वळणाऱ्या सूचनेला व्हीएममध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण प्रोसेसरला बाहेर पडून परत यावे लागते. तो वेळ मोजला तर आश्रयाचे अनुमान करता येते. होस्ट व्हीएमच्या घड्याळातही फेरफार करू शकतो, म्हणून अनुमान पक्के व्हायला होस्टच्या ताब्यात नसलेले घड्याळ लागते. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी समतुल्यतेतून वेळेचा अपवाद का केला, हे येथे लक्षात येते. आश्रय पूर्णपणे लपवता येत नाही. त्याचा खर्च कुठेतरी वेळेच्या रूपाने दिसतोच.

तीच व्हीएम

लिनक्स होस्टच्या व्यवस्थापनातले एक नित्याचे काम म्हणजे चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर नेणे. याला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत व्हीएम चालू असतानाच तिची मेमरी पानांच्या रूपात दुसऱ्या होस्टवर पाठवली जाते. पाठवताना जी पाने बदलतात ती पुन्हा पाठवली जातात. उरलेली पाने पुरेशी कमी झाली की व्हीएम थोडा वेळ थांबवतात, उरलेली पाने आणि प्रोसेसरची स्थिती पाठवतात आणि ती दुसरीकडे चालू करतात. क्यूईएमयूमध्ये या थांबण्याची मूळ मर्यादा 300 मिलिसेकंद आहे. नवा होस्ट नेटवर्कला या व्हीएमची नवी जागा जाहीर करतो, आणि तिच्याशी जोडलेल्यांचे संवाद सहसा तुटत नाहीत. जुन्या होस्टवरची प्रत नंतर संपवली जाते.

दुसऱ्या होस्टवर चालू झालेली व्हीएम तीच आहे की हुबेहूब दुसरी? न्यायदर्शन प्रत्यभिज्ञेकडे, म्हणजे ‘हा तोच’ या ओळखीच्या ज्ञानाकडे बोट दाखवील: जोडलेले सगळे तिला तीच म्हणून ओळखतात. बौद्ध उत्तर देतील की अत्यंत सारख्या क्षणांच्या मालिकेलाही ओळखणारा एकच समजतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंदाला भिक्षू नागसेन सांगतात की पुनर्जन्म घेणारा तोही नसतो आणि दुसराही नसतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत जशी सलग असते तशी सलगता तेथे असते. मायग्रेशनचे तांत्रिक वर्णन या उत्तराच्या फार जवळ जाते. दुसऱ्या होस्टवर कोणतीही वस्तू उचलून नेलेली नसते, पण स्थितीची मालिका खंडित होत नाही.

सलगता पुरेशी नाही हे मात्र क्लोनवरून कळते. एकाच व्हीएमच्या दोन प्रती काढल्या तर दोघींची मागची मालिका एकच असते. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी 1984 मधील ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात माणसाच्या बाबतीत अशाच दुभंगण्याचा विचार केला आणि एकत्वापेक्षा सातत्यालाच महत्त्व द्यावे असा निष्कर्ष काढला. होस्ट सांभाळणाऱ्यांना तो निष्कर्ष परवडत नाही. एकाच डिस्कवर लिहिणाऱ्या एकाच व्हीएमच्या दोन प्रती दोन होस्टवर एकदम चालू झाल्या तर डिस्कवरची माहिती बिघडते. म्हणून क्लोन काढताना यंत्राची ओळख, नेटवर्क कार्डाचा पत्ता आणि एसएसएच किल्ल्या नव्याने तयार कराव्या लागतात. म्हणूनच क्लस्टरमध्ये डिस्कवर कुलूप ठेवतात, आणि एखादा होस्ट उत्तर देईनासा झाला तर त्याची वीज तोडल्याची खात्री करूनच त्याच्या व्हीएम दुसरीकडे सुरू करतात. या कृतीला फेन्सिंग म्हणतात. येथे एकत्व शोधले जात नाही, राखले जाते. जॉन लॉक यांनी व्यक्तीच्या एकत्वाची गरज उत्तरदायित्वाशी जोडली होती. कोणी लिहिले याचा जबाब द्यायचा असेल तर लिहिणारा एकच असला पाहिजे. व्हीएमच्या एकत्वाचे कारणही तेच आहे.

मायग्रेशनचा दुसरा प्रकार एकत्वाचा प्रश्न अधिक तीक्ष्ण करतो. पोस्ट-कॉपी पद्धतीत व्हीएम दुसऱ्या होस्टवर आधी चालू होते आणि मेमरीची पाने लागतील तशी मागून आणली जातात. मध्येच नेटवर्क तुटले तर जुन्या होस्टवर शिळी स्थिती उरते, नव्यावर अपुरी. व्हीएम दोन्हीकडे अंशतः असते आणि पूर्णपणे कुठेच नसते. तीच की दुसरी, या प्रश्नाला तेथे उत्तरच उरत नाही.

काळ मागे नेणे

व्हीएमची डिस्क आणि मेमरी एका क्षणी जशी होती तशी जपून ठेवता येते. याला स्नॅपशॉट म्हणतात. अपडेट फसले तर अ‍ॅडमिन व्हीएमला त्या क्षणी परत नेतो. आतून पाहिले तर मधला काळ घडलाच नाही.

बाहेरच्या जगात मात्र तो घडलेला असतो. व्हीएमने पाठवलेले पत्र परत येत नाही. तिने स्वीकारलेली रक्कम बँकेत जमा असते, पण तिच्या वहीत तिची नोंद नसते. बौद्धांच्या क्षणभंगवादावर अन्य दर्शनांनी घेतलेला आक्षेप येथे जसाच्या तसा लागू पडतो. कर्ता क्षणोक्षणी बदलत असेल तर केलेल्या कर्माचे फळ वाया जाते, हा कृतप्रणाश; आणि न केलेल्याचे फळ वाट्याला येते, हा अकृताभ्यागम. मागे नेलेली व्हीएम दोन्ही दोषांत सापडते. तिने केलेले काम तिच्याकडून पुसले जाते, आणि जे केल्याची तिच्याकडे नोंद नाही त्याचा जाब तिला विचारला जातो.

तंत्रात या दोषांची ठोस उदाहरणे आहेत. यादृच्छिक अंक तयार करणारी व्यवस्था एकाच स्नॅपशॉटपासून दोनदा सुरू झाली तर तेच अंक पुन्हा निघू शकतात, आणि गुप्त किल्ल्यांच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. एकमेकांशी नोंदी जुळवत राहणाऱ्या सर्व्हरपैकी एकच मागे गेला तर इतरांना त्याच्या नव्या नोंदी जुन्या वाटतात आणि ते त्या घेत नाहीत. यावर उपाय म्हणून व्हीएमला एक पिढी-क्रमांक देण्याची पद्धत आली. व्हीएम मागे नेली की होस्ट तो क्रमांक बदलतो, आणि आतल्या व्यवस्थेला कळते की आपल्या स्मृतीवर विसंबता येणार नाही. विंडोज सर्व्हरने 2012 मध्ये ही सोय वापरली. लिनक्स कर्नलने 2022 मधील 5.18 या आवृत्तीत यादृच्छिक अंकांसाठी तिचा आधार घेतला. कर्मफलाची जुळणी कर्त्याच्या स्मृतीवर सोडता येत नाही, तिला बाहेरची साक्ष लागते, हे तत्त्व त्यात गृहीत आहे.

आधार सांभाळणाऱ्याचे कर्तव्य

बृहदारण्यक उपनिषदातील अंतर्यामी ब्राह्मणात याज्ञवल्क्य उद्दालक आरुणीला अशा नियंत्याविषयी सांगतात की जो प्रत्येक वस्तूच्या आत राहून तिचे नियमन करतो आणि ज्याला ती वस्तू ओळखत नाही. होस्टवर मूळ अधिकार असलेल्या अ‍ॅडमिनचे स्थान वरवर पाहता तसेच वाटते. तो व्हीएमची संपूर्ण मेमरी फाइलमध्ये उतरवून तिच्यातील पासवर्ड वाचू शकतो, तिची डिस्क उघडू शकतो, तिला गोठवू शकतो, आणि तिला याचा पत्ता लागत नाही. फरक एवढाच आणि फार मोठा की अ‍ॅडमिन इतरांना उत्तरदायी आहे.

या उत्तरदायित्वाचा पहिला भाग दिलेल्या शब्दाचा आहे. 64 जीबी मेमरीच्या होस्टवर प्रत्येकी 8 जीबीच्या 10 व्हीएम चालवता येतात. शब्द 80 जीबीचा दिलेला असतो आणि तो निभावतो, कारण सगळ्या व्हीएम एकाच वेळी सगळी मेमरी मागत नाहीत. फुगा नावाचा ड्रायव्हर व्हीएमकडून न लागणारी मेमरी परत मिळवतो, आणि 2.6.32 या आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेली केएसएम ही सोय वेगवेगळ्या व्हीएममधील तंतोतंत सारखी पाने एकदाच ठेवते. सगळ्यांनी एकदम मागणी केली तर मात्र कर्नल एखादी प्रोसेस मारून मेमरी मोकळी करतो, आणि सर्वांत मोठी प्रोसेस बहुधा एखादी व्हीएमच असते. तिच्या दृष्टीने हे विनाअपराध आलेले मरण असते. निभावेल अशा अंदाजावर दिलेला शब्द खोटा नाही. त्या अंदाजाची जोखीम ज्याच्यावर पडते त्याला न सांगणे हा दोष आहे.

दुसरा भाग सीमांचा आहे. एका व्हीएमने दुसरीत डोकावता कामा नये ही हमी सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर मिळून देतात, आणि दोन्ही चुकू शकतात. 2015 मध्ये उघडकीस आलेला व्हेनम हा दोष क्यूईएमयूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या अनुकरणात 2004 पासून होता. जवळजवळ कोणी वापरत नसलेल्या उपकरणातून व्हीएमबाहेर पडण्याची वाट उघडी होती. 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी प्रोसेसरच्या आतल्या सीमाही पातळ असल्याचे दाखवले. केएसएमची बचतही निर्दोष नाही. सामायिक पानावर लिहायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यावरून शेजारच्या व्हीएमकडे तेच पान असल्याचे अनुमान करता येते. म्हणून परस्परांवर विश्वास नसलेल्या ग्राहकांच्या व्हीएम एकत्र असतील तेथे ती बंद ठेवणे योग्य मानतात. न वापरलेली उपकरणे काढून टाकणे, वेळेवर पॅच लावणे, प्रत्येक व्हीएमच्या प्रोसेसला एसई-लिनक्सचे वेगळे लेबल देणे ही कंटाळवाणी कामे परतंत्रांचे एकमेकांपासूनचे वेगळेपण राखतात.

तिसरा भाग ज्ञानाचा आहे. ईश्वराचे वर्णन करताना सर्वज्ञता आणि सर्वशक्तिमत्ता ही दोन विशेषणे बहुधा जोडीने येतात. अलीकडच्या प्रोसेसरांनी त्यांची फारकत केली आहे. एएमडीच्या एसईव्ही आणि इंटेलच्या टीडीएक्स या सोयींत व्हीएमची मेमरी अशा किल्लीने सांकेतिक केली जाते की ती किल्ली होस्टच्या कर्नललाही मिळत नाही. अ‍ॅडमिन व्हीएम बंद करू शकतो, तिला वेळ नाकारू शकतो, पण तिच्यात काय चालले आहे हे वाचू शकत नाही. अस्तित्वावरची सत्ता राहते आणि ज्ञान जाते. होस्टवर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून विश्वास प्रोसेसर बनवणाऱ्याकडे सरकवला जातो. प्रोसेसरच्या सहीने आलेले प्रमाणपत्र व्हीएमचा मालक तपासतो. आप्त बदलतो, आप्ताची गरज संपत नाही.

तुलनेची मर्यादा

2003 मध्ये निक बॉस्ट्रॉम यांनी असा युक्तिवाद मांडला की काही गृहीतके मान्य केली तर माणसाचे जगही एखाद्या संगणकावर चालत असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते. 2022 मधील ‘रिअ‍ॅलिटी प्लस’ या ग्रंथात डेव्हिड चाल्मर्स यांनी पुढे म्हटले की तसे असले तरी ते जग खोटे ठरत नाही. व्हीएमचे उदाहरण चाल्मर्स यांच्या बाजूला बळ देते. बॉस्ट्रॉम यांच्या शक्यतेला मात्र त्याचा काही पुरावा मिळत नाही. होस्ट आणि व्हीएम यांचा संबंध निश्चितपणे सांगता येतो तो दोन्ही बाजू पाहणारा तिसरा निरीक्षक उपलब्ध असल्यामुळे. जगाच्या बाबतीत असा निरीक्षक कोणाला उपलब्ध नाही, आणि त्याच्याविषयीचे ज्ञान शब्द किंवा अनुमान यांवरच टेकलेले राहते. शिवाय व्हीएमला अनुभव नाही; तिला ‘दिसते’, ‘कळते’ ही क्रियापदे सोयीसाठी वापरली जातात. जीवाच्या अनुभवाचे काय, हा वेदान्ताचा मुख्य प्रश्न या उदाहरणाच्या कक्षेबाहेरच राहतो. होस्टही व्हीएमइतकाच नाशवंत आणि नियमबद्ध आहे, म्हणून ईश्वराशी त्याची बरोबरी होत नाही.

या मर्यादेत राहूनही काही गोष्टी ठरतात. एखादी वस्तू दुसऱ्याच्या आधाराने आहे एवढ्यावरून ती मिथ्या ठरत नाही. त्यासाठी अधिष्ठानाच्या ज्ञानाने तिचा बाध व्हावा लागतो. परतंत्र वस्तूला आपला आश्रय आतून प्रत्यक्ष दिसत नाही, तरी अनुमानाला थोडी जागा उरते. तिचे एकत्व स्थितीच्या सातत्याइतकेच त्या सातत्याला एकच वाट ठेवणाऱ्या नियमांवर उभे असते. आणि आश्रयाचा संबंध जितका एकतर्फी तितकी आश्रय देणाऱ्याची जबाबदारी वाढते, कारण आश्रिताला तक्रार करण्याचे साधनही त्याच्याकडूनच मिळत असते.